वाचकांचे प्रश्न : मुकुट काढल्यावर हात कुठे जातो?

गेल्या अंकात शेक्सपिअरच्या ‘राजा लिअर’ नाटकाबद्दल लिहिताना सोलोमन मिखोएल्स या सोव्हिएत नटाचा चार ओळींत उल्लेख केला होता, बुटका, यिडिश भाषेत लिअर दिग्दर्शित करणारा आणि स्वतः करणारा, १९४८ मध्ये मारला गेलेला एवढंच, आणि त्या चार ओळींवर म्हापशापासून काणकोणापर्यंत पत्रं आलीत. त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्यालाच देते. सगळी पत्रं छापायला जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

“आमच्या पुस्तकात स्तानिस्लाव्हस्की आहे, मेयरहोल्ड आहे, वाख्तांगोव आहे, पण मिखोएल्स कुठेच नाही. हा नक्की कोण होता आणि आम्ही त्याच्याबद्दल का वाचायचं?” (एक विद्यार्थिनी, म्हापसा)

पुस्तकात नाही कारण त्याने पद्धत वगैरे लिहून ठेवली नाही, भूमिका करून ठेवल्या, आणि त्यासुद्धा एका अशा भाषेत की जी बोलणारे लोकच त्या शतकात लाखोंनी मारले गेले. खरं नाव श्लोमो व्होव्सी, १६ मार्च १८९० चा जन्म, गाव द्विन्स्क, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं आता लाटविया देशात आहे आणि नाव दाउगावपिल्स. ज्यू घर, घरात यिडिश. ही यिडिश म्हणजे मुळात जर्मनच्या अंगाची भाषा, त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्द मिसळलेले, लिहायची हिब्रू अक्षरांत. हा मुलगा पेट्रोग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, कायदा शिकत होता, वकील झाला असता, आणि १९१९ मध्ये अलेक्सेई ग्रानोव्स्की नावाच्या दिग्दर्शकाने ज्यू नटांसाठी नाट्यशाळा काढली तिथे जाऊन उभा राहिला. तेव्हा वय २९! हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या वयाच्या मुलामुलींची मला पत्रं येतात की बाई आता उशीर झाला का, आणि पत्र लिहिणारी असते एकवीस वर्षांची.

ग्रानोव्स्की जर्मनीत माक्स राइनहार्ट या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकून आलेला, एकदम शिस्तीचा माणूस. मंडळी मॉस्कोला आली आणि १ जानेवारी १९२१ ला पहिला प्रयोग झाला तो एका घरातल्या छोट्याशा हॉलमध्ये, जेमतेम नव्वद खुर्च्या. आपल्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात याहून जास्त माणसं बसतात. पण त्या हॉलच्या भिंतींवर चित्रं कुणाची, तर मार्क शागालची, एक पॅनेल तर जवळजवळ आठ मीटर लांब आणि त्यात मिखोएल्स पण आहे. नेपथ्य आणि कपडे पण शागालचेच. त्या दिवशीची एक गोष्ट तिथे हजर असलेल्या कलासमीक्षक एफ्रोसने लिहून ठेवलीय, पडदा उघडायची वेळ झाली तरी शागाल ब्रश घेऊन मिखोएल्सच्या अंगावर ठिपके काढतोय, त्याच्या टोपीच्या पुढच्या कडेवर बारीक पाखरं आणि डुकरं रंगवतोय, जी दुर्बीण लावून बघितलं तरी प्रेक्षकाला दिसली नसती. आणि मिखोएल्स पुतळ्यासारखा उभा. मला हे फार आवडतं. प्रेक्षकाला दिसत नाही पण नटाला माहीत आहे की आपल्या टोपीवर पाखरू आहे, त्याने चालण्यात फरक पडतोच.

पुढे या मंडळीचं सरकारमान्य ‘राज्य ज्यू थिएटर’ झालं, १९२२ पासून मालाया ब्रोन्नाया रस्त्यावरच्या मोठ्या थिएटरात. १९२८ ला युरोपचा दौरा झाला, तिथे ग्रानोव्स्की मागेच राहिला, परत आलाच नाही, आणि १९२९ पासून सगळा डोलारा मिखोएल्सच्या खांद्यावर. मुख्य नट तोच, दिग्दर्शक तोच, थिएटरच्या शाळेत मुलांना शिकवणारा पण तोच. पुढची एकोणीस वर्षं हेच आयुष्य. का वाचायचं ते पुढच्या उत्तरांत सापडतं का बघ.

“मिखोएल्सने लिअर दिग्दर्शित केला असं तुमच्या लेखात आहे. माझ्या माहितीप्रमाणे दिग्दर्शक सेर्गेई रादलोव होते. खुलासा करावा.” (निवृत्त शिक्षक, डिचोली)

सर, तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली आणि ती चूक साधी नाही कारण त्यामागे एका माणसाचा बळी आहे. लिअर रंगमंचावर आला १० फेब्रुवारी १९३५ ला आणि पोस्टरवर नाव रादलोवचं, ते योग्यच. पण त्याच्या आधी दिग्दर्शक बदलत गेले, आणि त्यातला एक युक्रेनचा फार मोठा दिग्दर्शक लेस कुर्बास, त्याच्याबरोबर मिखोएल्सच्या भूमिकेवर काम चाललेलं असतानाच डिसेंबर १९३३ मध्ये कुर्बासला अटक झाली. १९३७ ला त्याला गोळी घातली. म्हणजे या लिअरच्या तालमीतून एक दिग्दर्शक उचलून नेलेला आहे हे लक्षात ठेवून तो प्रयोग बघावा लागतो. यिडिश भाषांतर कवी श्मुएल हाल्किनचं, नेपथ्य अलेक्सांद्र तिश्लरचं. पुढे मिखोएल्सने स्वतः दिग्दर्शन केलेल्यांत सगळ्यात गाजलं ते ‘फ्रेलेख्स’, १९४५ चं, लग्नातल्या नाचगाण्यांचं नाटक, युद्धात एवढी माणसं मेल्यावर केलेलं लग्नाचं नाटक, त्याला १९४६ मध्ये स्टालिन पुरस्कार मिळाला. मी दोन्ही एकत्र केलं. धन्यवाद सर, असंच लिहीत राहा.

“मी गेली अकरा वर्षं जत्रेच्या नाटकात काम करतो. उंची पाच फूट एक इंच, चेहरा पण काही देखणा नाही. मला नेहमी विनोदी पार्ट नाहीतर नोकर. राजापार्ट मागितला की सगळे हसतात. तुम्ही लिहिलं की मिखोएल्स बुटका होता आणि तरी लिअर झाला. कसा?” (एक नट, पेडणे)

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सगळ्यात लांब उत्तर तुमचंच.

मिखोएल्स बुटका होता, कपाळ भलंमोठं, नाक चेपल्यासारखं, खालचा ओठ पुढे आलेला. फोटो बघा, कुठल्याच कंपनीने राजा म्हणून घेतला नसता. आणि सुरुवातीला त्याचीही ओळख विनोदी पार्टांचीच होती, यिडिश लेखक शोलेम आलेखेमच्या गोष्टींतला तो मेनाखेम मेंडल, सतत काहीतरी धंदा काढून बुडणारा, तो त्याने १९२५ च्या मूकपटात पण केलाय. मग १९२७ ला एक नाटक केलं त्यात दोन भोळसट प्रवासी जग बघायला निघतात, एक हा आणि दुसरा बेन्यामिन झुस्किन. हे झुस्किन नाव लक्षात ठेवा. दोघांची जोडी अशी जमली की लोक एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं घेणारच.

मग १९३२ मध्ये त्याची बायको गेली, लागोपाठ आणखी जवळची माणसं गेली, आणि त्याने स्वतः लिहिलंय की जुन्या हसवणाऱ्या भूमिका करणं त्याला असह्य झालं, रंगभूमीच सोडावी असं वाटायला लागलं. तेव्हा सोबतचे नट त्याला म्हणत राहिले की तू लिअर करणार आहेस, तू लिअर करणार आहेस. म्हणजे राजापार्ट त्याला मागावा लागला नाही, सोबत्यांनी दिला. तुमच्या मंडळीतल्या हसणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

आता कसा केला ते. पहिली गोष्ट, त्याने दाढी लावली नाही. लिअर म्हटलं की पांढरी शुभ्र छातीपर्यंतची दाढी ही ठरलेली गोष्ट, आपल्याकडे पण म्हातारा राजा म्हटलं की रंगभूषाकार पहिला कापूस काढतो. याने तोंड उघडं ठेवलं, कारण त्याला चेहऱ्यातला प्रत्येक बदल दाखवायचा होता.

दुसरी गोष्ट प्रवेश. तुतारी, दरबार, सगळे वाकलेले, आणि राजा ऐटीत मधून येतो असं आपण करतो. त्याचा लिअर गुपचूप येतो, जवळजवळ कुणाच्या लक्षात येऊ नये असा, अंगावर झगा ओढलेला, आपल्याच विचारात. सिंहासनावर विदूषक बसलाय, तो झुस्किन, तर हा त्याचा कान धरून त्याला उठवतो. बोटाने माणसं मोजतो. आणि हसतो, म्हाताऱ्याचं बारीक खिदळणं, ते हसू नाटकात पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी ऐकवत नाही. विचार करा, ज्याला खात्री आहे की आपण राजा आहोत त्याला ऐट करायची गरजच काय? ऐट करतो तो नवीन सरपंच. पन्नास वर्षं ज्याचं सगळ्यांनी ऐकलंय तो हळूच येतो, कारण सगळे थांबणार आहेत हे त्याला माहीत आहे. उंचीचा प्रश्न इथेच संपला बघा. उंची दुसऱ्यांच्या वाकण्यातून येते. म्हणजे तुमचा राजापार्ट अर्धा तुमच्या सोबतच्या नटांनी करायचा असतो.

तिसरी गोष्ट, आणि यासाठीच मी गेल्या अंकात त्याचं नाव घेतलं होतं. लिअरने मुलींना राज्य वाटून टाकल्यावर मुकुट गेला. पण मिखोएल्सचा हात अधूनमधून वर जातो, डोक्याकडे, मुकुट चाचपायला, आणि तिथे काही नसतं. वाक्य नाही, रडणं नाही, फक्त हात. एवढ्या वर्षांची सवय हाताला आहे, डोक्याने राज्य सोडलं पण हाताने अजून सोडलं नाही. त्याचं म्हणणं होतं की लिअर वेडा म्हणून राज्य देत नाही, तो विचार करून देतो, त्याला वाटतं की आपलं शहाणपण एवढं मोठं आहे की मुकुटाची गरजच नाही, राजा नसलो तरी मी मीच. आणि मग जग दाखवतं की मुकुटाशिवाय तुला कोण विचारतो. हा एवढा मोठा विचार त्याने कशात ठेवला, तर रिकाम्या डोक्यावरून फिरणाऱ्या हातात.

आमच्या गावात लहानपणी एक राजापार्टी नट होते, दिवसा बसवर कंडक्टर. नाटक संपून रंग पुसून पहाटे मांडावर चहा पिताना पण त्यांचा डावा हात तलवारीच्या मुठीवर असल्यासारखा कमरेवर असायचा, तलवार तर पेटाऱ्यात गेलेली. मी तेव्हा हसले होते. मिखोएल्सचं वाचलं तेव्हा ते आठवले आणि लक्षात आलं की हे तर त्यांना फुकटात सापडलेलं होतं, फक्त ते रंगमंचावर आणायचं कुणी सांगितलं नाही.

तेव्हा पार्ट मागा. उंचीबद्दल एक शब्द न बोलता मागा. पहिल्या प्रवेशात कसा येणार ते करून दाखवा, बोलून दाखवू नका.

“यिडिश कुणाला कळत होती? आपल्याकडे घरात कोंकणी, नाटक मराठी, तरी ते चालतं कारण दोन्ही भाषा आपल्याच. पण मॉस्कोत रशियन लोक यिडिश नाटकाला जाऊन काय करत?” (एक वाचक, मडगाव)

जात होते आणि भरपूर जात होते. ज्यू प्रेक्षक तर होतेच, पण भाषेचं अक्षर न समजणारे समीक्षक, नट, विद्यार्थी पण यायचे. इंग्लंडचा एडवर्ड गॉर्डन क्रेग, नाट्यविचारात केवढं नाव, तो १९३५ मध्ये मॉस्कोला होता, त्याने हा लिअर एकदा नाही पुन्हा पुन्हा बघितला आणि परत जाऊन भरभरून लिहिलं. शेक्सपिअर ज्यांच्या भाषेतला त्यांच्यातला माणूस, यिडिशमध्ये लिअर बघून थक्क होतो! कारण हात कळतो, कान धरणं कळतं, ते खिदळणं कळतं.

मात्र एक सांगते, भाषा न कळणाऱ्यांनी कौतुक केलं म्हणजे भाषा बिनमहत्त्वाची असं मुळीच नाही. मिखोएल्सने रशियनमध्ये लिअर केला नाही. त्याच्या अंगात जी लय होती ती यिडिशची, मान डोलावून बोलायची, प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायची, हात हवेत ठेवून वाक्य अर्धं सोडायची. पेडण्याच्या दशावतारी नटाला पुण्याच्या उच्चारात बोलायला लावलं तर जे जाईल तेच गेलं असतं.

“त्याचा मृत्यू अपघाती होता असं एका ठिकाणी वाचलं, खून होता असं दुसरीकडे. खरं काय?” (फोंडा, वाळपई आणि कुडचडे इथून तीन पत्रं)

खून. यात आता शंका नाही, कागद बाहेर आलेत.

जानेवारी १९४८ मध्ये तो मिन्स्कला गेला, स्टालिन पुरस्काराच्या समितीवर होता आणि तिथली नाटकं बघून मत द्यायचं होतं. बरोबर समीक्षक व्लादिमीर गोलुबोव. १२ जानेवारीच्या संध्याकाळी दोघे हॉटेलातून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फात त्यांची प्रेतं सापडली, ट्रकने उडवलं असं सांगितलं गेलं. खरं असं की बेलारुसच्या सुरक्षा खात्याचा प्रमुख त्सानावा, त्याच्या शहराबाहेरच्या बंगल्यात दोघांना नेऊन मारलं आणि मग रस्त्यावर आणून टाकलं, हुकूम थेट स्टालिनचा. गोलुबोवचा गुन्हा काय तर तो सोबत होता, झालेलं बघणारं कुणी उरू नये.

आणि मग मॉस्कोत सरकारी इतमामात अंत्यदर्शन! त्याच्याच थिएटरात प्रेत ठेवलं, प्रावदा या पक्षाच्या वर्तमानपत्रात मोठा मृत्युलेख, हजारो लोक थंडीत रांगेत. ज्यांनी मारलं त्यांनीच हार घातले. तिथे उभ्या असलेल्या कितीतरी जणांना मनात कळलेलं होतं असं त्यांच्या आठवणींत येतं, पण बोलणार कोण.

पाच वर्षांनी, १३ जानेवारी १९५३ ला, म्हणजे प्रेत सापडलं त्याच तारखेला, सोव्हिएत वृत्तसंस्थेने बातमी दिली की डॉक्टरांनी नेत्यांना मारायचा कट केला, आणि त्या बातमीत मेलेल्या मिखोएल्सचं नाव, ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ म्हणून. अटकेतल्या डॉक्टरांत त्याचा चुलतभाऊ मिरोन व्होव्सी होता. फेब्रुवारीत जावई पण आत गेला, संगीतकार मिएचिस्लाव वाइनबर्ग, त्याच्यासाठी थोर संगीतकार शोस्ताकोविचने पत्र लिहिण्याची हिंमत केली. मार्चमध्ये स्टालिन मेला म्हणून हे सगळे वाचले. २ एप्रिल १९५३ ला गृहमंत्री बेरियाने स्टालिननंतर सरकारचा प्रमुख झालेल्या मालेंकोवला लेखी कळवलं की मिखोएल्सला कसं मारलं आणि कुणी मारलं. मारणाऱ्यांना त्या कामाबद्दल पदकं दिली होती, ती काढून घेतली. लोकांसमोर हे सगळं यायला मात्र आणखी कितीतरी वर्षं गेली.

“पण तो सरकारचाच माणूस होता ना? पदव्या घेतल्या, समित्यांवर बसला. मग सरकारने मारला याचं एवढं दुःख का?” (एक वाचक, वास्को)

प्रश्न कडक आहे, पण टाळत नाही. हो, १९३९ मध्ये ‘सोव्हिएत संघाचा लोककलाकार’ ही सगळ्यात मोठी पदवी त्याला मिळाली. सरकारला हवी ती भाषणं त्याने केली. त्याच्या भोवतीची माणसं उचलली जात होती तेव्हा तो गप्प होता, कुर्बासच्या वेळी पण. बोलून त्याने हे बदललं असतं असं मला वाटत नाही, त्याच्या जागी मी असते तर बोलले असते असंही मी म्हणणार नाही.

पण १९४२ मध्ये, हिटलरशी युद्ध चालू असताना, त्याला सरकारने काढलेल्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीचा अध्यक्ष केलं त्यानंतरचं बघा. १९४३ ला कवी इत्सिक फेफरबरोबर त्याला अमेरिकेला पाठवलं, सोव्हिएत संघासाठी मदत गोळा करायला. ८ जुलैला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जवळजवळ पन्नास हजार लोक जमले. आइनस्टाइनला भेटला, अमेरिकेत गेलेल्या शागालला पुन्हा भेटला, टोपीवर पाखरं काढणाऱ्याला. सरकारचं काम त्याने केलं आणि चोख केलं. पण परत आल्यावर लोकांची पत्रं यायला लागली, युद्धात सगळं घरदार मेलेले, परत आले तर घरात दुसरेच राहताहेत, नोकरी नाही, कुणी ऐकत नाही, तर लिहा मिखोएल्सला. नटाला! आणि तो त्यांच्यासाठी दारोदार फिरला, अर्ज केले, विनवण्या केल्या. हेच सरकारला खुपलं. सरकारने त्याला बाहेरच्या जगाला दाखवायला पुढारी बनवलं होतं आणि लोकांनी त्याला खरंच पुढारी मानलं. पदव्या घेतल्या म्हणून माझं दुःख कमी होत नाही, उलट त्याला कुठे उभं राहून काम करावं लागलं ते कळतं.

“त्याच्यानंतर थिएटरचं काय झालं? आज काही शिल्लक आहे का?” (नाट्यमंडळाच्या कार्यकर्त्या, माशेल)

ताई, हे उत्तर लिहायला जड जातंय, तुमचं पण मंडळ आहे म्हणून.

थिएटर झुस्किनच्या हातात आलं. त्याला नको होतं, तो जन्मजात नट, कारभारी नव्हे, आणि सोबत्याच्या मृत्यूनंतर त्याची झोपच गेली. झोपेच्या उपचारासाठी हॉस्पिटलात ठेवलं होतं, औषधाने झोपलेला असताना डिसेंबर १९४८ मध्ये तिथून उचलून नेला, जाग आली ती तुरुंगात. लिअरचा विदूषक. त्या ज्यू समितीवरच्या खटल्यात १२ ऑगस्ट १९५२ ला तो, फेफर, कवी पेरेत्स मार्किश असे तेरा जण गोळ्या घालून मारले.

आणि थिएटर बंद कसं पाडलं ते बघा, दरवाजाला कुलूप शेवटी लागलं. आधी अनुदान बंद. मग लोकांना भीती, या दारातून आत जाताना कुणी बघितलं तर? तेव्हा प्रेक्षकांनी एक केलं, वर्षाची तिकिटं एकदम विकत घ्यायची आणि यायचं नाही. म्हणजे पैसे थिएटरला मिळावेत, पण आपण दिसू नये. नट रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रयोग करत होते आणि तिकिटं विकली गेलेली होती! १९४९ च्या शेवटी तेही थांबलं. माझ्या डोळ्यांसमोरून त्या खुर्च्या जात नाहीत. आपल्याकडे वर्गणीवर नाटक उभं राहतं, घरटी पैसे देतात आणि वर पहाटेपर्यंत चटईवर बसून बघतात, पोरं मांडीवर झोपलेली, मागे फेरीत खाजें घेणारे वेगळेच. यातलं पैसे देणं आणि येऊन बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या तिकिटांवरून कळलं.

शिल्लक काय? शागालची पॅनेलं वाचली, गुंडाळून ठेवलेली होती, मॉस्कोच्या ट्रेट्याकोव गॅलरीत आहेत, १९७३ मध्ये म्हातारा शागाल आला तेव्हा त्याने त्यावर सह्या केल्या. मालाया ब्रोन्नायाच्या इमारतीत आज दुसरं नाटक थिएटर चालतं. आणि १४ जून १९४९ ला मॉस्कोत अमेरिकन गायक पॉल रोबसनने मैफलीच्या शेवटी मिखोएल्स आणि फेफरशी असलेल्या मैत्रीबद्दल बोलून यिडिशमध्ये वॉर्साच्या ज्यू बंडखोरांचं गाणं म्हटलं, फेफर तेव्हा तुरुंगात होता, सभागृहात काय झालं असेल! मुली नताल्या आणि नीना पुढे इस्रायलला गेल्या, वडिलांच्या आठवणी त्यांनी जपल्या.

“कुठे बघायला मिळेल?” (बरेच जण)

लिअरचे काही मिनिटांचे तुकडे चित्रित आहेत, इंटरनेटवर शोधलं तर मिळतात, आवाज खरखरीत आहे तरी बघा. १९२५ चा मूकपट मिळतो. आणि १९३६ च्या ‘सर्कस’ नावाच्या सोव्हिएत सिनेमात शेवटी एका काळ्या बाळाला प्रेक्षक हातोहात पुढे देतात आणि प्रत्येक जण आपल्या भाषेत अंगाईची एक ओळ म्हणतो, त्यात एक ओळ मिखोएल्सची, यिडिशमध्ये. त्याच्या मृत्यूनंतर तेवढा भाग कापला होता, नंतर परत जोडला. अर्धा मिनिट पण नसेल. बाळ पुढे देताना त्याचे हात बघा.

“आमच्या गावच्या युवक मंडळाला यंदा जत्रेत लिअर करायचा आहे. दोन तासांत बसवायचा आहे, पैसे कमी आहेत. सिंहासन, दाढी, मखमली झगा यांचा खर्च काढला तर प्रकाशयोजनेला काही उरत नाही. काय कमी करू?” (एक तरुण दिग्दर्शक, सत्तरी)

दाढी रद्द. झगा घरातल्या जुन्या शालीचा. सिंहासन म्हणजे एक साधी खुर्ची, पण पहिली पाच मिनिटं तिच्यावर विदूषक बसवा. विंदा करंदीकरांचं मराठी भाषांतर आहे ते आधी पूर्ण वाचा सगळ्यांनी मिळून, मगच कात्री लावा, आणि वादळाचा प्रवेश कापू नका, हवं तर लढाया सगळ्या कापा. प्रकाशाला पैसे ठेवा.

मुकुटावर मात्र खर्च करा. पुठ्ठ्याचा नको, पितळेचा करून घ्या, जड पाहिजे. तालीम सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून लिअर करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तो ठेवा, चहा पिताना, पाठांतर करताना, दुसऱ्यांचे प्रवेश चालू असताना, घरी जाईपर्यंत. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी काढून घ्या आणि काही सांगू नका. मग फक्त त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.

खेळ कुठल्या गावात आणि रात्री किती वाजता उभा राहणार तेवढं कळवा, मी येते.